दीड फुटी संसार

दीड फुटाच्या काचेच्या टाकीत मोल्या किती ठेवाव्यात, या प्रश्नाची मराठी घरात निदान पाच उत्तरं तयार असतात आणि ती देणाऱ्यांपैकी चौघांनी मासा फक्त ताटात पाहिलेला असतो. पाचवा दुकानदार. त्याने जिवंत मासे पुष्कळ पाहिलेले असतात, पण विकेपर्यंतच.

टाकी घरात येण्याची कारणं ठरलेली आहेत. कुत्र्याला सोसायटी नको म्हणते, मांजराला सासूबाई नको म्हणतात, आपला देशी पोपट पिंजऱ्यात ठेवणं १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात बसत नाही, आणि वर्गात सगळ्यांकडे 'पेट' आहे असा चिरंजीवांचा दावा असतो. उरतो मासा. तो भुंकत नाही, सोफ्यावर केस टाकत नाही, रात्री फिरायला न्यावा लागत नाही. मग त्यातही मोलीच का? तर गोल्डफिश टिकत नाही हे प्रत्येक घराने एकदा तरी अनुभवलेलं असतं, फायटरला बरणीत एकट्याने राहायची हौस, आणि एंजलची किंमत ऐकून आपण पुढच्या टाकीकडे वळतो. मोली स्वस्त, काटक, काळी, पांढरी, केशरी, ठिपक्यांची अशी हव्या त्या रंगात मिळते. शिवाय तिचं नाव आजीला पहिल्या झटक्यात उच्चारता येतं. एवढे गुण आपल्याकडे सून बघतानाही कुणी मोजत नाही.

दुकानदाराला "किती ठेवू?" असं विचारलं की तो टाकीचं माप विचारत नाही, तुमच्या शर्टाकडे बघतो आणि म्हणतो, "साहेब, पंधरावीस आरामात बसतील." लोकलमध्ये तिघांच्या बाकावर चौथा "जरा सरका" म्हणत अर्धा टेकतो आणि कुणाचं फारसं बिघडत नाही, त्या हिशेबाने तो बोलत असतो. फरक एवढाच, की चौथ्या सीटवाला ठाण्याला उतरतो. मोली उतरत नाही. ती त्याच बाकावर राहते, तिथेच जेवते, तिथेच बाकीचं सगळं करते आणि महिन्याभरात आणखी तीस जणांना चढवून घेते.

तसा दुकानदार खोटंही बोलत नसतो. त्याच्याकडची मोली इंच-सव्वा इंचाची, शाळकरी वयाची असते. तिच्याकडे बघून पुढे ती तीन इंचांची भरदार बाई होईल असं वाटत नाही. सेलफिन जातीची असेल तर चार-पाच इंचांपर्यंत जाते. लांबी दुप्पट झाली की वजन दुप्पट होत नाही, साधारण आठपट होतं. कपाटातल्या जुन्या पँटी बघून हे ज्यांच्या लक्षात आलंय त्यांना वेगळं सांगायला नको.

मत्स्यप्रेमी मंडळींचा एक जुना नियम आहे, एका गॅलनला एक इंच मासा. अमेरिकन गॅलन म्हणजे पावणेचार लिटरच्या आसपास. दीड फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टाकीत काठोकाठ भरून साडेबेचाळीस लिटर पाणी मावतं. पण काठोकाठ कुणी भरत नाही. तळाला रंगीत खडी असते, मध्ये झाकण उघडून बुडबुडे सोडणारी खजिन्याची पेटी असते, शिवाय मामांनी आणलेला प्लॅस्टिकचा किल्ला असतो. खरं पाणी उरतं पस्तीस लिटर, म्हणजे नऊ गॅलन, म्हणजे नऊ इंच मासा, म्हणजे तीन इंची मोल्या तीन. हे उत्तर घरात सांगून बघा. "एवढी मोठी टाकी आणि तीन मासे?" असं प्रत्येक जण म्हणेल, आणि हे म्हणताना तो ज्या वन बीएचकेमध्ये उभा असेल तिथे सहा माणसं राहत असतील.

हा नियमही काही वेदवाक्य नाही. इंचभर निऑन टेट्रा आणि इंचभर गुबगुबीत गोल्डफिश यांची घाण सारखी नसते, आणि खरा प्रश्न घाणीचाच आहे. माशांच्या शरीरातून अमोनिया बाहेर पडतो, तो बहुतांशी कल्ल्यांतून. फिल्टरच्या स्पंजात काही जिवाणू वस्तीला येतात. त्यांतले एक त्या अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट करतात. पहिले दोन्ही पदार्थ माशांना विष आहेत, तिसरा बराच सौम्य, आणि तो आठवड्याला पाव टाकी पाणी बदललं की आटोक्यात राहतो. या जिवाणूंची वस्ती नव्या टाकीत बसायला चार ते सहा आठवडे लागतात. तोपर्यंत आपण कुठे थांबायला? टाकी शनिवारी येते, मासे त्याच संध्याकाळी येतात, आणि पुढच्या शनिवारी दुकानदार पुन्हा आपल्याला ओळखीचं हसू देतो.

बरं, वस्ती नीट बसलेली असली तरी दिवाळी येतेच. घरातले पंखे, माळे आणि डबे घासून झाले की कुणाची तरी नजर टाकीवर जाते. मासे बादलीत, खडी गाळणीत, स्पंज साबणाच्या पाण्यात. काचा लखलखीत होतात आणि जिवाणूंचा निर्वंश होतो. धनत्रयोदशीला स्वच्छ झालेल्या टाकीतली पहिली मोली पाडव्याच्या आसपास आडवी होते आणि नजर लागली यावर घराचं एकमत होतं. स्पंज टाकीतूनच काढलेल्या पाण्यात नुसता पिळायचा असतो. हे वाक्य मी आमच्याकडे दरवर्षी वसुबारसेला म्हणतो आणि दरवर्षी ते फराळाच्या वासात विरून जातं.

वडीलधाऱ्यांचं उत्तर असतं, जोडी. एकटा जीव ठेवू नये. दुकानातही भाव जोडीचाच सांगतात. सत्यनारायणाला आपण जोडीने बसतो, लग्नाला जोडीने जातो, नमस्कारही जोडीने करतो, मग मुक्या जनावराने काय पाप केलं? ऐकायला हे इतकं गोड वाटतं, की मोलीच्या बाबतीत जोडी हा सगळ्यांत वाईट आकडा आहे हे सांगायचं जिवावर येतं.

नर मोलीला दिवसभर एकच उद्योग असतो. सकाळी दिवा लावला की तो मादीच्या मागे लागतो. ती फिल्टरच्या आड गेली की हा फिल्टरच्या आड. ती खडीला पोट टेकून थांबली की हा बरोबर तिच्या शेपटीखाली. ती दाणे टिपायला वर आली की हा दाण्यांकडे ढुंकूनही बघत नाही. मध्येच पुढे येऊन पाठीवरचा पर ताठ उभा करतो, अंग थरथरवतो आणि तिच्या समोर आडवा होतो. ती बाजूने निघून जाते. तो पुन्हा मागे. त्याच्या पोटाखालचा मागचा पर निमुळता होऊन त्याची काडी झालेली असते, मादीचा तोच पर पसरट त्रिकोणी असतो. नर-मादी ओळखायची खूण हीच. दुकानातल्या पोऱ्याला ती माहीत असते, पण जाळीत जे येतं ते पिशवीत जातं, म्हणून 'जोडी'त बऱ्याचदा दोन माद्या निघतात. तसं झालं तर नशीब समजा.

एका नराबरोबर एकच मादी ठेवली तर ती या छळाने खंगते, खाणं टाकते आणि कोपऱ्यात जाऊन बसते. दोन-तीन माद्या असल्या की त्याचं लक्ष विभागलं जातं आणि प्रत्येकीला अधूनमधून निवांत जेवता येतं. म्हणून एका नरामागे निदान दोन माद्या, जागा असेल तर तीन. हे आजीला सांगताना जरा चाचरायला होतं.

"म्हणजे एकाला तीन बायका?"

"आजी, दशरथालाही तीनच होत्या."

"मग त्याचं काय झालं ते विसरलास वाटतं."

त्यानंतर आजी त्या नराला दशरथच म्हणू लागते आणि दाणे टाकताना त्याला वगळायचा प्रयत्न करते.

पुढचं उत्तर वास्तुवाल्यांचं, नऊ. आठ सोनेरी आणि एक काळा. मुळात हे फेंगशुईचं गणित, पण आपल्याकडे ते ईशान्य कोपऱ्यासकट स्थायिक झालेलं आहे. आठ गोल्डफिश आणि नववी काळी मोली. घरावर येणारं संकट म्हणे काळा मासा स्वतःच्या अंगावर घेतो. तो मेला तर दुःख करायचं नाही, सुटलो म्हणायचं आणि लगेच दुसरा आणायचा. या शास्त्रावर दुकानदारांची जितकी श्रद्धा आहे तितकी कुणाचीच नसेल. आता गोल्डफिश हा कार्पच्या कुळातला, थंड पाण्यात रमणारा, पोसला तर वीतभर वाढणारा आणि त्या मानाने घाण करणारा प्राणी. मोलीला पाणी लागतं चोवीस ते अठ्ठावीस अंशांचं. असे आठ दांडगे सोबती दीड फुटात दिल्यावर त्या काळ्या मोलीला बाहेरून संकट ओढून आणायची काही गरज उरत नाही.

पाण्याचंही जरा सांगायला हवं. मोलीला जड, क्षारांचं पाणी आवडतं. मूळची ती मेक्सिको, मध्य अमेरिका आणि अमेरिकेच्या दक्षिण भागातली, तिकडे खाडीच्या मचूळ पाण्यातही ती सुखाने राहते, आणि हळूहळू सवय लावली तर समुद्राच्या पाण्यातही. मुंबईचं धरणातलं पाणी, पुण्याचं खडकवासल्याचं पाणी तिला तसं आळणी. उलट वाघोलीपासून वाकडपर्यंत ज्या बोअरच्या आणि टँकरच्या पाण्याने गीझरची कॉइल गेली, नळांना पांढरे थर चढले, केस गळले आणि सर्वसाधारण सभेत खुर्च्या उचलल्या गेल्या, त्या पाण्यात मोलीचं अंग चकाकतं. आमच्या भागात टँकरवर खूश असलेला हा एकमेव रहिवासी. पाणी फार मऊ किंवा फार गार झालं तर ती एकाच जागी उभी राहून अंग डोलवते. पाहुणे म्हणतात, "बघा, नाचतेय!" ती आजारी असते.

खाण्याच्या बाबतीत मात्र ती आपल्यातलीच. दाणे खातेच, पण शेवाळं खरवडून खाण्यात तिला खरी गोडी. उकडलेला मटार, काकडीची चकती, वाफवलेल्या पालकाचं पान दिलं तर ती तुटून पडते. आमच्या शाकाहारी शेजाऱ्यांना हे कळलं तेव्हा त्यांना मोलीबद्दल फार आदर वाटला. तो पहिल्या बाळंतपणापर्यंत टिकला. कारण मोली पालक खाते हे जितकं खरं, तितकंच मोलीच्या पिल्लांना पालक खातात हेही खरं.

आणि इथे आपण मूळ प्रश्नाच्या गाभ्याशी येतो. मोल्या किती 'ठेवाव्यात' हे तुम्ही एकदाच ठरवता, पहिल्या दिवशी. त्यानंतर आकडा मोली ठरवते.

ती अंडी घालत नाही, थेट पिल्लं देते. साधारण महिन्याने एकदा, आणि एका खेपेला वीस, तीस, मोठी मादी असेल तर साठ-सत्तरसुद्धा. दिवस भरत आले की फिकट रंगाच्या मादीच्या पोटाच्या मागच्या टोकाला एक गडद त्रिकोण दिसू लागतो. साठच्या दशकात आपल्या सरकारने भिंतीभिंतीवर लाल त्रिकोण काढून 'आता पुरे' असं सांगितलं होतं. मोलीचा त्रिकोण काळसर असतो आणि त्याचा अर्थ बरोबर उलटा असतो. काळ्या मोलीत तोही दिसत नाही, तिथे थेट बातमीच येते.

"मग नरच नको आणायला," असं हुशार माणसं म्हणतात. मीही अशा हुशारांच्या घरी चहा प्यायलोय. त्यांनी निवडून निवडून तीन माद्या आणल्या होत्या आणि महिन्याभरात तिघींनी बारशी केली. मादी नराचं बीज पोटात साठवून ठेवते आणि एका भेटीच्या जोरावर पुढे कित्येक महिने, खेपेमागून खेप पिल्लं देते. दुकानातल्या टाकीत नर-माद्या एकत्रच असल्यामुळे तिथून येणारी वयात आलेली मादी बहुधा माहेरपणाच्या तयारीनेच पिशवीत बसते.

याच गणगोतात अमेझॉन मोली नावाची एक जात आहे, मेक्सिकोच्या ईशान्येची आणि टेक्सासच्या दक्षिणेची. तिच्यात नर नाहीतच. १९३२ साली कार्ल आणि लॉरा हब्ज या दांपत्याने तिची कथा विज्ञानजगतापुढे आणली. तिला पिल्लं होतात त्या सगळ्या मुली, आणि सगळ्या आईच्या जुळ्या शोभाव्यात अशा. पण अंडं वाढीला लागायला जवळच्या जातीच्या एखाद्या नराची गाठ पडावी लागते. त्याचं काम तेवढंच. त्याचा एकही गुण पिल्लांत उतरत नाही. ही जात आपल्याकडच्या दुकानात दिसत नाही ते बरंच आहे, नाहीतर दशरथावर आजीने आणखी एक टोमणा मारला असता.

बाळंतपण एकदा जवळून पाहावं. मादी खालच्या कोपऱ्यात स्थिर होते, मध्येच अंगाला एक झटका देते, आणि पोटाखालून एक गोळी बाहेर पडते. ती खडीकडे जाते, जाताजाता उलगडते, तिला डोळे फुटल्यासारखे दिसतात आणि पुढच्याच क्षणी ते सेंटिमीटरभराचं पोर सुसाट पळत सुटतं. पळायलाच हवं, कारण मावशी वळलेली असते. मावशीकडून सुटलं तर दशरथ. दशरथाकडून सुटलं तर, पाचेक मिनिटांच्या विश्रांतीनंतर, खुद्द मातोश्री. चिरंजीव काचेला नाक लावून रडतात, घरभर धावाधाव होते, कुणी चहाचं गाळणं आणतं, कुणी सासूबाईंचं लोणच्याचं काचपात्र. ज्या घरात टाकीत हायड्रिला किंवा जावा मॉसचा गुंता असतो तिथे काही पोरं त्यात शिरून वाचतात. ज्या घरात नुसता मामांचा किल्ला असतो तिथे वंशवृद्धी आपोआप आटोक्यात राहते. किल्ल्याला आतून जागा नसते.

माझं मत विचाराल तर निसर्गाने ही व्यवस्था हिशेब बघूनच केली असावी. कागदावर मांडून पाहा. तीन माद्या, प्रत्येकीची तीस पिल्लं, महिन्याअखेर नव्वद. त्यांतल्या पंचेचाळीस मुली. तीन-चार महिन्यांत त्या लेकुरवाळ्या होतात, त्यांची पहिली खेप तेराशे पन्नास. तोवर आयांनीही हात आखडता घेतलेला नसतो. गंमत म्हणजे या माशाच्या कुळाला लेस्यूर या फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञाने १८२१ साली नाव दिलं ते मोल्यें यांच्यावरून, आणि हे मोल्यें नेपोलियनचे खजिन्याचे मंत्री होते. जमाखर्चाचं भान असलेल्या गृहस्थाचं नाव कुणाला द्यावं, याला काही मर्यादा!

पिल्लं वाचवणाऱ्यांच्या घरात पुढे काय होतं, ते सोसायटीत सगळ्यांना माहीत असतं. पहिल्या खेपेला शेजारीपाजारी कौतुकाने मागून नेतात. दुसऱ्या खेपेला आपण देतो. तिसऱ्या खेपेला आपल्याला बरणी घेऊन येताना पाहिलं की लोक लिफ्ट सोडून जिना धरतात. मग चिरंजीवांच्या वाढदिवसाला रिटर्न गिफ्ट म्हणून प्रत्येक मुलाच्या हातात पाण्याची पिशवी आणि पिशवीत दोन मोल्या. त्या संध्याकाळी वर्गातल्या आयांच्या ग्रुपवर आपल्या घराबद्दल जे बोललं जातं ते इथे न लिहिलेलं बरं. दुकानदार ती परत घेतो, पण पैसे देत नाही, दाण्यांची पुडी देतो. म्हणजे उरलेल्यांनी आणखी खावं आणि आणखी वाढावं.

अशा वेळी कुणीतरी सुचवतं, "तलावात सोडून द्या, पुण्य लागेल." ते मात्र करू नका. महापालिकेची माणसं डासांसाठी गप्पी मासे सोडतात, मग मोलीने काय घोडं मारलंय, असं वाटेल. गप्पी ही मोलीच्याच पोएसिलिया घराण्यातली आणि तीही परदेशी पाहुणी. आपल्या नदी-तलावांत स्वतःचे देशी मासे आहेत, त्यांच्या पोटावर ही काटक पाहुणेमंडळी पाय आणतात, आणि पाहुणे जात तर नाहीतच, हे आपण वर पाहिलंच.

तेव्हा दीड फुटी टाकी असेल तर एक नर आणि दोन माद्या, बस्स. दोन फुटी असेल तर एक नर, तीन माद्या, आणि वास्तुवाल्यांना सांगायचं की बाकीचे पाच आतल्या खोलीत आहेत. पाळणा हलायलाच नको असेल तर नुसते तीन नर. ते एकमेकांना त्रास देतील, पण तुमच्या शेजाऱ्यांना देणार नाहीत. टेबलावरच्या गोल बाउलमध्ये एकही नाही. रोम शहराने २००५ साली असल्या बाउलमध्ये मासे ठेवण्यावर बंदीच घातली, आपण निदान लाज बाळगू. दुकानात मनाशी आकडा ठरवून जा, पोऱ्याने जाळी पाण्यात घालण्याआधी मोठ्याने म्हणा आणि "साहेब, जोडी पूर्ण करा ना" याला उत्तर देऊ नका.

आणि इतकं वाचूनही मोल्याच हव्या असतील तर दुकानात जाऊच नका, आमच्याकडे या. झाकणाला भोकं पाडलेली मोठी बरणी घेऊन या. पैसे घेणार नाही, पण वीसच्या खाली देणार नाही.